डोंगराला वळसा न घालणारी रेल्वे : रिओ ग्रँड पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४

आजपासून कामाला रीतसर सुरुवात केली. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न ही कोलोरॅडो आणि युटा या दोन राज्यांत पसरलेली रेल्वे कंपनी आणि तिच्या प्रवासी गाड्या यांवर मराठीत साधारण पन्नास पानांची सचित्र पुस्तिका करायची आहे. डेन्व्हरला राहायला आल्यापासून पश्चिमेकडच्या डोंगरात शिरणारा हा लोहमार्ग मी रोज पाहते आहे. इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांना आणि महाराष्ट्रातल्या रेल्वेप्रेमी वाचकांना तो आपल्या भाषेत वाचायला मिळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नावाचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा लागला. ज्या नदीवरून कंपनीचे नाव पडले तिला मराठी भूगोलाच्या पुस्तकांत आपण रिओ ग्रांडे म्हणतो, पण या रेल्वेचे जुने कामगार आणि डेन्व्हरचे लोक ‘रिओ ग्रँड’ असाच उच्चार करतात. तेव्हा नदीसाठी ग्रांडे आणि कंपनीसाठी ग्रँड असे लिहायचे ठरवले. सलिडा असे वाचले जाईल असे एक गाव मार्गावर आहे, पण गावकरी त्याला सलायडा म्हणतात. पुस्तिकेतही तेच लिहीन.

सगळ्या मजकुराला बांधून ठेवील असा एक प्रश्नही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. १ मे १९७१ रोजी अमेरिकेतील जवळजवळ सर्व मोठ्या कंपन्यांनी लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या ॲमट्रॅक या नव्या राष्ट्रीय महामंडळाच्या स्वाधीन केल्या. त्या दिवशी या मध्यम आकाराच्या डोंगरी कंपनीने आपली गाडी का सोडली नाही, आणि पुढे बारा वर्षे ती स्वतःच्या खर्चाने का चालवली?

२० जानेवारी

स्थापनेचे प्रकरण लिहून झाले. विल्यम जॅक्सन पामर हा यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला घोडदळाचा अधिकारी. त्याने ऑक्टोबर १८७० मध्ये ही कंपनी काढली, तेव्हा डोंगर त्याच्या मनात मुख्य नव्हते. डेन्व्हरहून सरळ दक्षिणेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याने रिओ ग्रांडे नदीपर्यंत आणि तिथून मेक्सिकोत जायचे, असा त्याचा बेत होता. त्या काळी अमेरिकेचे बहुतेक मोठे मार्ग पूर्व-पश्चिम जात असताना हा एक उत्तर-दक्षिण मार्ग आखला गेला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण कंपनीचे पुढचे सगळे आयुष्य या मोडलेल्या बेतातून घडले.

पामरने रुळांमधले अंतर ३ फूट ठेवले. त्याच वर्षी लग्नानंतरच्या इंग्लंडच्या प्रवासात त्याने वेल्समधील फेस्टिनिऑग ही अगदी अरुंद मापाची रेल्वे पाहिली होती. अरुंद मापामुळे वळणे तीव्र घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो आणि इंजिने, डबे, पूल हे सारे हलक्या खर्चात होते, असा त्याचा हिशेब होता. आपल्या वाचकाला हा युक्तिवाद समजावणे सोपे जाईल, कारण १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेमागे हाच विचार होता. फक्त तिचे माप अडीच फूट होते. भारतात नॅरो गेज म्हणजे दोन किंवा अडीच फूट असेच समीकरण असल्यामुळे ३ फुटांचे माप दाखवणारी एक छोटी आकृती घालावी लागेल.

ऑक्टोबर १८७१ मध्ये पहिली गाडी डेन्व्हरहून निघून कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोहोचली. ते गावसुद्धा पामरनेच त्या वर्षी वसवले होते. आधी रूळ आणि मग गाव, हा क्रम या कंपनीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. ड्युरँगो हे आज पर्यटकांचे आवडते शहरही १८८० साली कंपनीनेच आखले.

४ फेब्रुवारी

रॉयल गॉर्ज या दरीच्या प्रकरणावर दोन आठवडे गेले, आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. १८७८ मध्ये न्यू मेक्सिकोकडे जाणारी रॅटन खिंड सांता फे या प्रतिस्पर्धी कंपनीने आधी ताब्यात घेतली आणि पामरची दक्षिणेची वाट अडली. त्याच सुमारास डोंगरात लेडव्हिल येथे चांदी सापडल्याने दोन्ही कंपन्यांची नजर आर्कान्सा नदीच्या त्या चिंचोळ्या दरीवर खिळली, जिच्या काठाने जेमतेम एकच मार्ग जाऊ शकत होता. दरीच्या दोन्ही अंगांना हजार फुटांहून उंच ग्रॅनाइटच्या भिंती आहेत. दोन्ही कंपन्यांनी माणसे बसवली, दगडी आडोसे रचले, आणि सांता फेने तर कॅन्ससमधील डॉज सिटीहून बॅट मास्टरसन या नावाजलेल्या बंदूकबाजाच्या ओळखीचे बंदूकधारी आणवले. मात्र खरा निकाल न्यायालयांत आणि कंपन्यांच्या बैठकांत लागला. एप्रिल १८७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दरीवरचा आधीचा हक्क रिओ ग्रँडचा ठरवला, आणि १८८० मध्ये बॉस्टन येथे झालेल्या तहानुसार सांता फेने बांधलेला दरीतला मार्ग रिओ ग्रँडने पैसे मोजून घेतला. त्याच्या बदल्यात रिओ ग्रँडने दक्षिणेकडे पुढे सरकण्याचा हट्ट सोडला.

दक्षिणेची कंपनी पश्चिमेची झाली ती इथे. मेक्सिकोच्या वाटेवर सपाटीवरून धावण्यासाठी काढलेल्या कंपनीला यापुढे रॉकी पर्वत ओलांडण्यावाचून दुसरा उद्योग उरला नाही. पुस्तिकेच्या पहिल्या भागाचा शेवट याच तहावर करावा, असे आज ठरले.

त्या दरीतला १८७९ चा टांगता पूल हा बांधकामाचा अद्भुत नमुना आहे. सर्वांत अरुंद जागी दोन्ही कड्यांमधले अंतर जेमतेम ३० फूट असल्याने नदी आणि कडा यांच्यामध्ये रुळांपुरतीही जमीन नव्हती. शेलर स्मिथ या अभियंत्याने दोन्ही कड्यांत रोवलेल्या, घराच्या आढ्यासारख्या त्रिकोणी पोलादी चौकटी उभ्या केल्या आणि नदीच्या प्रवाहाला समांतर जाणारा १७५ फूट लांबीचा पूल एका बाजूने त्यांना टांगला. म्हणजे हा पूल नदी ओलांडतच नाही, तो नदीच्या अंगाने चालतो. प्रवासी गाड्या पुढे कित्येक वर्षे इथे दहा मिनिटे थांबत, लोक खाली उतरून मान वर करून कडे पाहत, आणि मग गाडी पुढे निघे. वेळापत्रकात निसर्ग पाहण्यासाठी राखलेली ही दहा मिनिटे मला या रेल्वेच्या स्वभावाची सर्वांत चांगली खूण वाटतात.

११ फेब्रुवारी

चित्रांच्या यादीत एक मोठी चूक सापडली. टांगत्या पुलाच्या नावाखाली मी जे छायाचित्र ठेवले होते ते दरीच्या माथ्यावरून जाणाऱ्या १९२९ च्या झुलत्या पुलाचे निघाले. तो माणसांसाठी आणि मोटारींसाठी आहे, आणि रेल्वेचा पूल त्याच्या शेकडो फूट खाली, नदीलगत आहे. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी छापून वाचकाचाही घोळ टाळायचा, असे ठरवले.

२५ फेब्रुवारी

कंपनीने प्रवासी कसे मिळवले, या विषयावरचे टिपण पुरे केले. ‘जगातील निसर्गरम्य मार्ग’ अशी बिरुदावली तिने १८८० च्या दशकातच लावून घेतली आणि विल्यम हेन्री जॅक्सन या छायाचित्रकाराने काढलेली दऱ्याखोऱ्यांची चित्रे देशभर पोहोचवली. माल हा कंपनीचा पोटापाण्याचा धंदा होता, पण तिची ओळख तयार केली ती प्रवासी गाड्यांनी.

याच संदर्भात टोल्टेक दरीच्या कडेला, रुळांशेजारी उभ्या असलेल्या एका छोट्या दगडी स्तंभाची हकिकत माझ्या मनात घर करून राहिली आहे. २६ सप्टेंबर १८८१ रोजी देशातल्या रेल्वे कंपन्यांचे प्रवासी-विभागाचे प्रतिनिधी या मार्गावर सहलीला आले होते. हत्या झालेले राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांचा अंत्यविधी त्याच दिवशी दूर ओहायोत होत होता, म्हणून या मंडळींनी दरीच्या तोंडाशी शोकसभा घेतली आणि पुढे तिथे स्मारक उभे राहिले. चाळीस-पन्नास शब्दांची ही नोंद पुस्तिकेत चौकटीत देईन.

१० मार्च

आज सगळा आराखडा बदलला. त्याचे श्रेय काकांना.

काका मध्य रेल्वेत होते आणि नोकरीची बरीच वर्षे त्यांनी कर्जत-लोणावळा घाटात, गाडीला मागून रेटा देणाऱ्या बँकर इंजिनावर काढली. पुस्तिकेतले रेल्वेचे शब्द त्यांच्या नजरेखालून जावेत म्हणून मी पहिली तीन प्रकरणे त्यांना पाठवली होती. फोनवर त्यांनी आधी कौतुक केले आणि मग म्हणाले, “तू सगळीकडे खिंड किती फूट उंच ते लिहिलं आहेस. उंची प्रवाशाला सांगतात गं, ड्रायव्हरला चढ सांगतात. चढ किती ते लिही, म्हणजे मला कळेल गाडी कशी जात असेल.”

मी वर्षांच्या क्रमाने लिहीत होते. त्याऐवजी चढांच्या क्रमाने लिहिले तर या रेल्वेचा इतिहास अधिक नीट उलगडतो, हे काकांच्या त्या दोन वाक्यांनी दाखवून दिले. संध्याकाळी बसून तक्ता केला. बोरघाटाचा सर्वांत तीव्र चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस फूट अंतराला एक फूट चढ, हे काकांचे माप आधाराला घेतले. अँटोनीटो ते चामा या अरुंद मापाच्या मार्गावरील कुंब्रेस खिंडीची पश्चिम बाजू पंचविसाला एक, म्हणजे बोरघाटापेक्षा बरीच खडी. लेडव्हिलजवळच्या टेनेसी खिंडीचा चढ तेहतिसाला एक. तिथल्या बोगद्याची उंची १०,२२१ फूट असून प्रमाण मापाच्या (स्टँडर्ड गेज) गाड्या १८९० पासून तिथून धावत. डेन्व्हरहून मॉफट बोगद्याकडे जाणारा मुख्य मार्ग मात्र पन्नासाला एक, म्हणजे बोरघाटापेक्षा सौम्य.

परंतु हा सौम्यपणा फसवा आहे. बोरघाटात जुन्या मोजणीप्रमाणे सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढावे लागते. डेन्व्हरहून निघालेली गाडी ५० मैलांत जवळजवळ ४,००० फूट चढते आणि मध्ये श्वास घ्यायला म्हणावी अशी सपाटी फारशी नाही. हे ऐकून काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एकच विचारले, “आणि उतरताना ब्रेक?” त्या प्रश्नाला द्यायचे उत्तर वेगळ्या पानावर, आकृतीसह.

नवीन आराखड्यात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर त्या मार्गाचा उभा छेद, म्हणजे चढउतार दाखवणारी आकृती असेल.

२४ मार्च

ईडनच्या अपघाताचे पान लिहिले. ७ ऑगस्ट १९०४ च्या संध्याकाळी डेन्व्हरहून प्वेब्लोकडे जाणारी प्रवासी गाडी ईडन या छोट्या स्थानकाजवळ एका कोरड्या ओढ्यावरील लाकडी पुलावर आली असता ढगफुटीने आलेला लोंढा पुलावर आदळला, आणि इंजिनासह पुढचे डबे वाहून गेले. मागचे डबे काठावरच थांबल्याने त्यांतले प्रवासी वाचले. सुमारे शंभर माणसे मृत्युमुखी पडली.

हा अपघात डोंगरात नव्हे, पायथ्याच्या सपाटीवर झाला. डोंगराचे भय वाटणाऱ्या प्रवाशांना कंपनीने दऱ्यांतून सुखरूप नेले आणि सर्वांत मोठा घात कोरड्या ओढ्याने केला, हे लिहिताना हात जड झाला. या पानावर चित्र नको.

१३ एप्रिल

आजची नोंद लांबणार आहे, कारण मुख्य मार्ग मुख्य कसा झाला हे कोडे आता कुठे सुटले.

१९०१ मध्ये जॉर्ज गूल्ड या धनाढ्य रेल्वेमालकाने रिओ ग्रँड ताब्यात घेतली आणि समुद्रापर्यंत पोहोचण्यासाठी सॉल्ट लेक सिटीहून कॅलिफोर्नियात जाणारी वेस्टर्न पॅसिफिक ही नवी रेल्वे बांधायला काढली. तिच्या कर्जरोख्यांची हमी रिओ ग्रँडने घेतली होती. नव्या रेल्वेचे उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही, ती १९१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि हमीच्या ओझ्याखाली रिओ ग्रँडही १९१८ मध्ये न्यायालयाच्या ताब्यात आली. १९२० च्या सुमारास नव्या नावाने उभी राहिलेली कंपनी म्हणजे आपण ज्या नावाने तिला ओळखतो ती डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न.

इतके होऊनही डेन्व्हरहून थेट पश्चिमेला तिचा मार्ग नव्हताच. सॉल्ट लेकला जाणारी गाडी आधी दक्षिणेला प्वेब्लोपर्यंत उतरे, मग रॉयल गॉर्जमधून पुन्हा वर चढे. डेन्व्हरच्या पश्चिमेचा डोंगर फोडण्याचे स्वप्न डेव्हिड मॉफट या सावकाराचे. त्याने स्वतःची संपत्ती घालून १९०३ पासून वेगळी रेल्वे बांधली आणि बोगदा होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून ११,६६० फुटांवरच्या रॉलिन्स खिंडीवरून पंचविसाला एक अशा चढाने गाड्या नेल्या. हिवाळ्यात तिथे हिमवादळांत गाड्या अडकून पडत. मॉफट १९११ मध्ये वारला तो बोगद्यासाठी पैसे जमवण्याची धडपड करतानाच. पुढे लोकांच्या करातून उभारलेल्या निधीतून ६.२ मैल लांबीचा बोगदा झाला आणि २६ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यातून पहिली गाडी गेली. याच कामासाठी आधी खोदलेल्या लहान समांतर बोगद्यातून आजही डेन्व्हरला पाणी येते. माझ्या घरच्या नळाचा या रेल्वेशी असा संबंध असेल, हे मला ठाऊक नव्हते.

मॉफटची रेल्वे मात्र डोंगरापलीकडे जाऊन एका कोपऱ्यात संपत होती. कोलोरॅडो नदीच्या काठाने ३८ मैलांचा जोडमार्ग बांधला तर तिला रिओ ग्रँडशी जोडता येणार होते. हा जोडमार्ग जून १९३४ मध्ये खुला झाला आणि डेन्व्हर-सॉल्ट लेक अंतर एकदम १७५ मैलांनी कमी झाले. रिओ ग्रँडच्या बाजूच्या टोकाचे नाव डॉटसेरो. दुसऱ्या टोकाला नाव देताना रेल्वेने त्याच नावाची रोमन अक्षरे उलट लावली, आणि ऑरेस्टॉड हे नाव तयार झाले. देवनागरीत ही गंमत हरवते, कारण आपली जोडाक्षरे आणि मात्रा उलट वाचता येत नाहीत. म्हणून हे एक नाव समजावून सांगायला दोन ओळी खर्च केल्या.

‘रॉकी पर्वतातून, त्यांना वळसा घालून नव्हे’ हे कंपनीचे प्रसिद्ध घोषवाक्य. उत्तरेला वायोमिंगच्या पठारावरून सोप्या चढाने जाणाऱ्या यूनियन पॅसिफिकशी तिची स्पर्धा होती. वेगात आपण जिंकू शकत नाही हे तिला पक्के माहीत होते, म्हणून तिने आपली अडचण हीच आपली ओळख केली.

१८ मे

आज ॲमट्रॅकच्या कॅलिफोर्निया झेफिर या गाडीने डेन्व्हर ते ग्लेनवुड स्प्रिंग्ज असा प्रवास केला. उभ्या छेदाची आकृती मांडीवर ठेवून खिडकीशी बसले होते.

डेन्व्हर सोडल्यावर थोड्याच वेळात मार्ग मोठी वळणे घेत उंची मिळवतो. एका वळणाच्या आतल्या बाजूला भरून जड केलेले जुने मालडबे कायमचे उभे करून ठेवले आहेत. डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याने गाड्या घसरू नयेत म्हणून केलेला तो आडोसा आहे. मग एकामागून एक बोगदे, आणि प्रत्येक बोगद्यानंतर डेन्व्हरचे मैदान आणखी खाली गेलेले दिसते. मॉफट बोगद्यात शिरण्यापूर्वी प्रवाशांना डब्यातून डब्यात जाऊ नका अशी सूचना होते, म्हणजे इंजिनाचा धूर आत येत नाही. अंधारात सुमारे दहा मिनिटे गेली. आत कुठेतरी ९,२३९ फुटांचा सर्वोच्च बिंदू पार झाला आणि आम्ही अटलांटिकच्या पाण्याकडून पॅसिफिकच्या पाण्याकडे आलो. बाहेर पडल्यावर विंटर पार्क. डेन्व्हरहून १९४० पासून धावलेली स्कीइंगची गाडी लोकांना इथेच आणून सोडत असे.

डॉटसेरोनंतर ग्लेनवुडची दरी लागली, तेव्हा डब्यातले बोलणे आपोआप थांबले. १९४४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन विभागाचे उपाध्यक्ष सायरस ऑस्बर्न रिओ ग्रँडच्या डिझेल इंजिनाच्या कॅबमध्ये बसून याच दरीतून जात होते. ड्रायव्हरला जे दिसते ते मागच्या प्रवाशांना का दिसू नये, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यातून छतावर काचेचा घुमट असलेल्या डब्याची कल्पना निघाली. या घटनेचे स्मारक १९५० मध्ये दरीतच उभारले होते. महामार्गाच्या कामामुळे ते हलवावे लागले आणि आता ते गोल्डन येथील कोलोरॅडो रेल्वे संग्रहालयात आहे.

२ जून

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक खरा दुवा हाती आला. मुंबई-मडगाव जनशताब्दीला २०१७ पासून आणि डेक्कन एक्सप्रेसला २०२१ पासून जोडलेला काचेच्या छताचा डबा आपण ‘व्हिस्टाडोम’ म्हणून ओळखतो. हे नाव अमेरिकेत बर्लिंग्टन कंपनीने १९४५ पासून आपल्या घुमटाच्या डब्यांना दिलेले होते आणि कॅलिफोर्निया झेफिरच्या डब्यांनी ते सर्वतोमुखी केले. दोन्ही डब्यांत एक फरक आहे. तिथल्या डब्यात प्रवासी जिना चढून छतावरच्या घुमटात बसे आणि त्याला गाडीची पाठ, पुढचे इंजिन आणि समोरचा मार्ग असे सगळे दिसे. आपल्या डब्यात बैठक खालीच असून छताला काचा आहेत. ऑस्बर्नना द्यायची होती ती ड्रायव्हरची नजर, आणि ती उंच घुमटाशिवाय मिळत नाही.

३० जून

कॅलिफोर्निया झेफिर आणि रिओ ग्रँड झेफिर या दोन गाड्यांचे प्रकरण. पुस्तिकेचा कणा हाच आहे, म्हणून तीन वेळा लिहिले.

२० मार्च १९४९ रोजी शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को परिसर अशी कॅलिफोर्निया झेफिर सुरू झाली. शिकागो ते डेन्व्हर बर्लिंग्टन, डेन्व्हर ते सॉल्ट लेक रिओ ग्रँड आणि पुढे वेस्टर्न पॅसिफिक, असे तिघे मिळून ती चालवत. बड कंपनीचे चकचकीत स्टेनलेस पोलादी डबे, प्रत्येक गाडीत पाच घुमटाचे डबे, प्रवाशांची काळजी घ्यायला ‘झेफिरेट’ म्हटल्या जाणाऱ्या होस्टेस, भोजनयानात डोंगरी ट्राउट मासा. वेळापत्रक मुद्दाम असे आखलेले की रॉकी पर्वत आणि कॅलिफोर्नियातील फेदर नदीची दरी दोन्ही दिवसाउजेडी पार व्हावीत. स्पर्धक मार्गापेक्षा तिला कित्येक तास जास्त लागत आणि तरीही ती भरून जात असे.

त्याआधी कंपनीने एक प्रयोग करून पाहिला होता आणि तो फसला होता, हेही इथे लिहिले पाहिजे. १९४१ मध्ये ‘प्रॉस्पेक्टर’ नावाने दोन डब्यांच्या स्वयंचलित डिझेल गाड्या डेन्व्हर आणि सॉल्ट लेक यांदरम्यान रात्रीच्या धावू लागल्या. सपाटीवर चांगले चालणारे त्यांचे यंत्र डोंगराच्या चढाला पुरे पडेना, आणि १९४२ मध्येच त्या काढून घ्याव्या लागल्या. काकांना हा परिच्छेद वाचून दाखवला तर ते म्हणाले, “चढाला फसवता येत नाही.”

साठच्या दशकात विमाने आणि महामार्ग यांनी प्रवासी नेले आणि टपालाचे उत्पन्न गेले. वेस्टर्न पॅसिफिकने गाडी बंद करण्याची परवानगी मागितली, ती आधी नाकारली गेली आणि १९७० मध्ये मिळाली. मार्चमध्ये शेवटची कॅलिफोर्निया झेफिर धावली. रिओ ग्रँडने आपल्या हिश्श्याचे घुमटाचे डबे ठेवून घेतले आणि आठवड्यातून तीन दिवस, डेन्व्हरहून सकाळी निघून रात्री सॉल्ट लेकला पोहोचणारी ५७० मैलांची रिओ ग्रँड झेफिर चालू ठेवली.

पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे उत्तर या गाडीत आहे. ॲमट्रॅकमध्ये सामील न होणाऱ्या कंपनीला १९७५ पर्यंत आपली गाडी बंद करता येणार नव्हती, अशी कायद्याची अट होती. सदर्न आणि रॉक आयलंड याही बाहेर राहिल्या. रिओ ग्रँडच्या बाबतीत मात्र निर्णायक ठरले ते डोंगर. तिचा डोंगरातला मुख्य मार्ग बव्हंशी एकेरी होता. चढणाऱ्या कोळशाच्या आणि मालाच्या गाड्या, उतरणाऱ्या रिकाम्या गाड्या, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला मोजकेच बाजूचे रूळ (लूप), बोगद्यातला धूर बाहेर काढायला लागणारा वेळ, हे सगळे एका हातात असेल तरच गाडी वेळेवर जाते. या मार्गावर बाहेरच्या संस्थेची रोजची गाडी आली तर मालवाहतूक विस्कळीत होईल, अशी कंपनीला भीती होती. आठवड्यातून तीनदा धावणारी स्वतःची गाडी तिला सोसवणारी होती, कारण तिची वेळ, तिचे इंजिन आणि तिची वाट हे सगळे तिचेच होते. एखादा शेतकरी बांधावरून परक्याची गाडी जाऊ देण्यापेक्षा स्वतःची बैलगाडी तोट्यात हाकील, तसे हे होते.

पण केवळ हिशेबाने हे उत्तर पुरे होत नाही, असे माझे मत आहे. गाडी निव्वळ नाइलाजाने चालवायची असती, तर कंपनीने घुमट धुऊन पुसून लख्ख ठेवले नसते आणि भोजनयान केव्हाच काढून टाकले असते. १९७५ नंतर कायद्याचे बंधन सैल झाल्यावरही गाडी आठ वर्षे धावली. संग्रहालयात ती ओढणारे ५७७१ क्रमांकाचे काळे-पिवळे इंजिन पाहिले तेव्हा मला हे अधिकच पटले.

१७ ऑगस्ट

अरुंद मापाच्या गाड्यांसाठी चामा येथे दोन दिवस राहून आले. अलामोसा ते ड्युरँगो ही २०० मैलांची ‘सॅन वान’ गाडी ३१ जानेवारी १९५१ रोजी शेवटची धावली. तिच्या मार्गापैकी कुंब्रेस खिंडीवरचे ६४ मैल कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी १९७० मध्ये मिळून विकत घेतले, म्हणून ते आजही जिवंत आहेत. रूळ दोन राज्यांची सीमा अकरा वेळा ओलांडतात. १९२५ साली बाल्डविन कारखान्यात घडलेले इंजिन चामाहून पंचविसाला एक चढ चढू लागले, तेव्हा त्याचा प्रत्येक श्वास वेगळा मोजता येत होता. मी तो आवाज ध्वनिमुद्रित करून काकांना पाठवला. त्यांनी उत्तरादाखल फक्त एवढेच लिहिले की, चाके घसरू नयेत म्हणून वाळू टाकत असणार, ऐकू येते.

ड्युरँगो ते सिल्व्हरटन हा ४५ मैलांचा फाटा पर्यटकांच्या बळावर कधीच बंद पडला नाही. कंपनीने तो १९८१ मध्ये विकला. त्यावर एक पान पुरे आहे, कारण त्याची माहिती सर्वत्र मिळते.

१४ सप्टेंबर

शेवटचे प्रकरण छपाईसाठी मांडून झाले. एप्रिल १९८३ मध्ये, रिओ ग्रँड झेफिर ॲमट्रॅककडे सोपवण्याचे ठरले होते त्याच महिन्यात, युटामधील थिसल गावाजवळ ओल्या डोंगराची कूस सरकली. स्पॅनिश फोर्क नदीला बांध पडला, गाव पाण्याखाली गेले आणि मुख्य मार्ग तुटला. शेवटच्या दिवसांत झेफिर सॉल्ट लेकपर्यंत जाऊ शकली नाही, तिला ग्रँड जंक्शनहून माघारी फिरावे लागले, आणि तशीच ती संपली. डोंगरातून नवा बोगदा काढून जुलैमध्ये मार्ग पुन्हा सुरू झाला. १६ जुलैपासून ॲमट्रॅकची गाडी या वाटेने धावू लागली आणि तिला कॅलिफोर्निया झेफिर हे जुने नाव परत मिळाले. रिओ ग्रँडने १९८८ मध्ये सदर्न पॅसिफिक विकत घेतली आणि तिचेच नाव स्वीकारले. १९९६ मध्ये ही सगळीच जुन्या प्रतिस्पर्धी यूनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली. टेनेसी खिंडीवरून शेवटची गाडी १९९७ मध्ये गेली. ते रूळ अजून जागेवर आहेत.

शेवटच्या पानावर कोणता उभा छेद छापायचा यावर काकांशी बराच वेळ बोलणे झाले. डेन्व्हर ते सॉल्ट लेक असा संपूर्ण छेद घ्यायचे ठरले. थिसलजवळचा पाण्याखाली गेलेला जुना मार्ग तुटक रेषेने आणि नवा बोगदा ठळक रेषेने दाखवला आहे, आणि प्रत्येक चढाशेजारी काकांच्या सांगण्यावरून फुटांतली उंची लहान अक्षरांत आणि चढाचे माप मोठ्या अक्षरांत टाकले आहे. उद्या मुद्रिते पुण्याला त्यांच्याकडे रवाना होतील.